परत यायचा परवाना

जपानी नागरिकत्वाचे अर्ज घेणाऱ्या कचेरीत निशिवाकी बाईंनी उजव्या हाताच्या बोटाला रबरी टोपी चढवली आणि तोआनचा पासपोर्ट पुन्हा पहिल्या पानापासून उलटायला घेतला. काउंटरच्या अलीकडे तोआन आणि त्याची सतरा वर्षांची मुलगी दिएप शेजारी शेजारी बसले होते. बाकीचे कागद बाईंनी आधीच तपासून बाजूला ठेवले होते. कराच्या पावत्या, पगाराचा दाखला, कोबेच्या नागाता भागातल्या दोन खोल्यांचा भाडेकरार, सगळं जिथल्या तिथं. गंगेत घोडं न्हालं, असं तोआनला वाटायला लागलं होतं.

बाईंचं बोट एका पानावर थांबलं.

"लाम-सान, गेल्या वर्षी तुम्ही बराच काळ व्हिएतनामला होता?"

कोणी असं आडनावाने बोलावलं की तोआन आपोआप ताठ बसे.

"हो. पण परत यायचा परवाना होता," तो घाईने म्हणाला आणि खिशातून कायम वास्तव्याचं कार्ड काढून त्याने काउंटरवर ठेवलं. "परवान्याची मुदत संपायच्या कितीतरी आधी आलो मी."

"कार्डाला काही धक्का नाही. त्यावर तुम्ही जन्मभर इथं राहू शकता." बाईंनी कार्ड हळूच परत सरकवलं. "पण नागरिकत्वाचं वेगळं असतं. अर्जाआधीची काही वर्षं तुम्ही सलग इथं राहिलेले असायला हवेत. एका वेळी साधारण तीन महिन्यांच्या वर बाहेर राहिलात, की बहुतेक वेळा ती वर्षं पुन्हा पहिल्यापासून धरतात. तुम्ही तर जवळजवळ सहा महिने होता."

नागातातल्या बुटांच्या कारखान्यांत राबणाऱ्या निम्म्या व्हिएतनामी माणसांची हीच समजूत होती. परवाना आहे ना, मग खुशाल जा. तोआन त्याच भरवशावर गेला होता, आणि जाण्याआधी कारखान्यात दोघातिघांना हाच सल्ला देऊनही मोकळा झाला होता.

"आजी पडली होती," दिएप मध्येच म्हणाली. ती इथलीच, कोबेत जन्मलेली. तिची जपानी बापासारखी ठेचकाळत नसे. "पायाचं हाड मोडलं होतं. बाबा घरातले थोरले. सगळे महिने आजी अंथरुणाला खिळून होती, मग ते कसे येणार?"

तोआनने मान खाली घातली. बाईंना त्यात मुलाचं दुःख दिसलं असावं.

"तसं असेल तर तिथल्या डॉक्टरांचं पत्र जोडा," त्या जरा मऊ होऊन म्हणाल्या. "मी शब्द देत नाही. पण नाइलाज होता असं दिसलं तर विचार होऊ शकतो. मुलगी अजून अठराची नाही, तुमच्या अर्जात तिचाही होऊन जाईल. नाहीतर तिला अठरा पूर्ण होईपर्यंत थांबून एकटीचा अर्ज करावा लागेल."

"मग माझी परीक्षा हुकेल," दिएप म्हणाली. "अग्निशमन दलाची. नागरिक नसेल त्याला घेत नाहीत."

"पत्र आणतो," तोआन म्हणाला.

जिना उतरताना दिएप दोन-दोन पायऱ्या गाळत पुढे गेली. रोज सकाळी ती पाठीवर वाळूची पिशवी बांधून देवळाच्या पायऱ्या चढे, दलात भरती व्हायचं म्हणून. तोआन कठड्याला धरून उतरला.

आजी पडली होती हे खरं होतं. बाकीचं नव्हतं. दुसऱ्या महिन्यातच म्हातारी काठी टाकून अंगणातल्या कोंबड्या हाकलायला लागली होती. तरी तोआन राहिला. आधी म्हणाला, वडिलांच्या श्राद्धापर्यंत. मग म्हणाला, पाऊस उतरू दे. खरी गोष्ट अशी की नागातात तीस वर्षं बुटांच्या तळव्यांना डिंक लावणारा हा माणूस तिकडे कालव्याकाठच्या गावात 'जपानचे दादा' झाला होता. सकाळी कॉफीच्या टपरीवर त्याच्यासाठी स्टूल पुसून ठेवत. नारळीच्या बांधावरून भांडणारे दोघे भाऊ निवाड्याला त्याच्याकडे आले. एका बाळाचं नावही त्याने ठेवलं. इथे दुकानात दोन वाक्यं बोलला तर समोरचा "काय म्हणालात?" म्हणून कान पुढे करी, तिथे तो बोलायला लागला की बाकीचे गप्प होत. गावाने त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि हा तिथेच घरटं करून बसला. मागे आईविना वाढलेली पोर एकटी आहे, हे तो विसरला होता असंही नाही. कारखानदारीण माकिनो काकू तिला रोज जेवायला बोलावतात, एवढ्यावर त्याने मनाची समजूत घातली होती.

संध्याकाळी दिएप भात लावत होती तेव्हा त्याने गॅलरीत जाऊन धाकट्या बहिणीला, हुयेनला, फोन लावला.

"एवढंच ना दादा? मला वाटलं काय आकाश कोसळलं!" हुयेन हसली. "डॉक्टर आपल्यातलाच. बाबांच्या श्राद्धाला तुझ्याच पंगतीला जेवून गेलाय. सहा महिने म्हण, वर्ष म्हण, सांगशील ते लिहून देईल. तुझा शब्द इथं कोण मोडतंय?"

"आई कशी आहे?"

"तिला काय धाड भरलीय! बाजारात गेलीय, शेजारणीशी वांग्यांच्या भावावरून भांडायला. उद्या पत्र पाठवते बघ."

फोन ठेवल्यावर तोआनला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हातारीला चांगली चालती-फिरती असताना त्याने सहा महिने खाटेवर टाकलं होतं, आणि एवढं करूनही काम कसं चुटकीसरशी झालं होतं.

जेवताना तो म्हणाला, "आत्या उद्या पत्र पाठवतेय."

दिएपने माशाच्या रश्श्यातला मोठा तुकडा त्याच्या वाडग्यात घातला.

"नको बाबा."

"का गं?"

"आजी बरी झाली होती. मला माहीत आहे."

तोआनच्या हातातल्या जेवायच्या काड्या तशाच राहिल्या. "मग तिथं बाईंना तू..."

"तुम्ही गप्प बसला होता ना. मला बघवेना." ती भाताकडे बघत बोलत होती. "तेवढ्यापुरतं तोंडातून गेलं. पण कागदावर नको. उद्या माझ्या नावाच्या अर्जात तो कागद राहील, आणि मी लोकांना आगीतून बाहेर काढायला जाणार. नकोच ते."

"तुला कोणी सांगितलं? हुयेननं?"

"सांगितलं नाही कुणी. फोटो पाठवला होता आत्यानं. श्राद्धाच्या जेवणाचा."

तिने फोन पुढे केला. मधोमध, मानाच्या जागेवर, तोआन बसला होता. चेहरा लाल, तोंड उघडं, डोळे हसून मिटलेले. दोन्ही बाजूंचे लोक त्याच्याकडेच बघत होते. हा फोटो त्याच्याही फोनमध्ये होता. कारखान्यात एकदोघांना त्याने तो कौतुकाने दाखवलाही होता.

"तुम्ही इथं असे कधी हसत नाही," दिएप म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तोच असता तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं. "म्हणून मी कधी विचारलं नाही."

"दिएप..."

"मागं आजी दिसते? दारात. चांगली दोन पायांवर उभी आहे. कानाला फोन आहे बघा."

तोआनने चित्र मोठं केलं. त्याच्या हसऱ्या डोक्याच्या मागे, दाराच्या चौकटीत, म्हातारी उभी होती. एक हात कानाशी, दुसरा त्याच्या दिशेने उंचावलेला. त्याला एकदम आठवलं. आईने हाक मारली होती, पोरीचा फोन आहे रे, आणि पाठीमागे न बघताच त्याने हात हलवला होता. नंतर. ते नंतर पुढे आलंच नव्हतं.

"तो माझा फोन होता," दिएप म्हणाली.

"कशाला केला होतास?"

"काही नाही. कधी येताय, विचारायला." तिने वाडगा उचलला. "खा ना. गार होतंय."

तो खाऊ लागला. काय खातोय ते त्याला कळत नव्हतं. दिएप भांडी घासायला उठली तेव्हा त्याने हुयेनला दोन शब्द पाठवले: पत्र नको. हुयेनचे लागोपाठ तीन फोन येऊन गेले, ते त्याने घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून तोआन एकटाच त्या काउंटरसमोर जाऊन बसला. शेजारच्या खुर्चीवर कोणी गृहस्थ वर्तमानपत्र वाचत होते.

"पत्र आणलंत?" निशिवाकी बाईंनी विचारलं.

"नाही. आई दुसऱ्या महिन्यात बरी झाली." जपानी वाक्यं मोडकीतोडकी येत होती आणि सावरून घ्यायला आज दिएप शेजारी नव्हती. "नंतर मी राहिलो. लोक मान देत होते. मला आवडलं, म्हणून राहिलो. मुलगी इथं एकटी होती."

वर्तमानपत्र किंचित खाली आलं. तोआनचे कान तापले. बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"हे तुम्ही सांगितलंत, तर तुमचा अर्ज आत्ता..."

"माझं राहू द्या," तो म्हणाला. "मुलीला अठरा पूर्ण झाली की तिचा एकटीचा अर्ज कसा करायचा, ते विचारायला आलोय. आणि एक. तिनं काल सांगितलं ते माझ्यासाठी सांगितलं. ते तिच्या नावावर धरू नका."

बाईंनी खणातून एक कोरा कागद घेतला आणि कोणकोणते दाखले लागतील ते सोप्या अक्षरांत, त्याला वाचता येईल असं, एकाखाली एक लिहायला सुरुवात केली. मधेच त्या थांबल्या.

"यातल्या बऱ्याच दाखल्यांवर वडिलांची सही लागेल. पुढचं वर्षभर तुम्ही कुठं असाल?"

"इथंच," तोआन म्हणाला.

बाईंना नीट ऐकू गेलं नाही. त्यांनी कान पुढे केला.

"इथंच," तो पुन्हा म्हणाला, मोठ्याने.