चमचा वाजता ठेवा

भूपेंद्रच्या ॲम्ब्युलन्समध्ये बीपीचं मशीन होतं, ऑक्सिजनचं सिलिंडर होतं, भिंतीला औषधांची पेटी होती, आणि पुढच्या-मागच्या भागांमधल्या छोट्या खिडकीला सुतळीनं बांधलेला एक स्टीलचा चमचा होता. पहिल्या तीन वस्तू वापरणारं माणूस चार महिन्यांपासून गाडीवर नव्हतं. म्हणून तो चमचा.

ते माणूस म्हणजे हिमानी. ती ईएमटी, पेशंटजवळ बसून उपचार करणारी. आणि भूपेंद्र पायलट. या नोकरीत ड्रायव्हरला पायलट म्हणायची पद्धत आहे. नाव आभाळातलं, आणि गाडी बुऱ्हाणपूर-जैनाबादच्या खड्ड्यांत. सहा वर्षं दोघं एकाच गाडीवर होती. हिमानी मागून खिडकीवर टकटक करायची. एकदा म्हणजे सगळं ठीक, दोनदा म्हणजे हळू, तीनदा म्हणजे थांबा. तेवढ्यावर त्यांचं सगळं चालायचं. पण बदलीला माणूस यायचा नाही, आणि बारा तासांची ड्युटी चोवीसवर जायची. एकदा ती सलग छत्तीस तास गाडीवर होती, आणि पेशंटला सलाइन लावताना बसल्या जागी तिचा डोळा लागला. त्या दिवशी ती स्वतःलाच घाबरली. पुढच्या महिन्यात इंदूरच्या एका दवाखान्यात रुजू झाली. जाताना रडली, म्हणाली, "दादा, रागावू नका." भूपेंद्र तिच्यावर कशाला रागावेल? त्याला फक्त एकटं वाटलं.

कंट्रोल रूमला त्यानं किती फोन केले त्याला गणती नाही. तिकडून एकच उत्तर यायचं, "नई भर्ती आ रही है भैया, तब तक मैनेज कर लो." मॅनेज करणं म्हणजे काय, ते फोनवर बसलेल्यांना ठाऊक नसतं. तीन आठवड्यांपूर्वी शहरातल्या इतवाऱ्यातून एक म्हातारेबाबा नेले होते. मागं मुलगा बसला होता, पण तो सगळा रस्ता नातेवाइकांना फोन करत राहिला. बाबा कधी गेले ते ना मुलाला कळलं, ना भूपेंद्रला. दवाखान्यापाशी गाडीचं दार उघडलं तेव्हा बाबांचे हात गार झाले होते. तेव्हापासून मागच्या शांततेची त्याला धास्ती बसली. दुसऱ्याच दिवशी त्यानं घरातून चमचा आणून बांधला.

आज दुपारी दोनचा कॉल जैनाबादच्या पलीकडच्या मळ्यातून आला. मे महिना, ऊन असं की स्टिअरिंगला हात लावायची सोय नाही. दगाजी नावाचा साठीतला शेतकरी ठिबकच्या नळ्या गुंडाळता गुंडाळता उघड्या रानात कोसळला होता. अंग तव्यासारखं तापलेलं, घाम नाही, आणि काहीतरी असंबद्ध बडबड. उन्हाचा झटका. हिमानीबरोबर असे किती पाहिले होते. शेजारच्या बागेत केळी भरणाऱ्या मजुरांनी स्ट्रेचर उचलून दिलं, पण मागं बसायला कोणी तयार होईना. गाडीत माणूस गेला तर पोलिसांत नाव येतं, अशी त्यांची समजूत. मुलगा रोहित खंडव्याला गेलेला. राहिली फक्त बायको, मथुराबाई, पदरानं तोंड पुसत उभी.

भूपेंद्रनं तिला आत चढवलं आणि हिमानीनं शिकवलेलं सगळं भराभर सांगितलं. "मावशी, हा टॉवेल ओला करून मानेवर, काखेत, मांडीवर फिरवत राहा. पाणी तोंडात नाही घालायचं. आणि हा चमचा. थोड्या थोड्या वेळानं खिडकीवर वाजवा. चमचा वाजला की मला समजेल, काका ठीक आहेत. तीनदा वाजला की मी गाडी थांबवतो."

"हां भाऊ."

"आणि नाव घेऊन हाक मारत राहा. झोपू नका देऊ."

मथुराबाई टॉवेल हातात धरून तशीच राहिली. "नाव?"

"काकांचं नाव."

"मी असं सरळ नाही घेतलं कधी, भाऊ. चाळीस साल झाले. त्यांना 'अहो' समजतं नं."

तिथं वाद घालायला वेळ नव्हता. त्यानं दार लावलं आणि गाडी काढली. सायरन लावला नाही, कारण सायरन लावला की चमचा ऐकू येत नाही. मोकळ्या रस्त्यावर त्याची गरजही नव्हती. मागून येत होतं, टक. "अहो." टक. "अहो, उठा नं." सुरुवातीला दगाजी हुंकार देत होता. तापीच्या पुलावर गाडी चढली तेव्हा हुंकार बंद झाला होता.

"भाऊ, हे बोलून नाही राहिले!"

"श्वास चालू आहे? छाती पाहा."

"हालून राहिली. पण डोळे लावून घेतले."

"मावशी, अहो म्हटलं तर अख्ख्या बुऱ्हाणपूरचे नवरे वळून पाहतील," भूपेंद्र खिडकीतून ओरडला. "नाव घ्या!"

मग चमचा वाजला, आणि त्याच्यामागून एक बारीक, लाजरा आवाज आला, पाठ केलेलं म्हणावं तसा.

"जैनाबादच्या वाटेवर केळीची बाग, दगाजीरावांचं नाव घेते, येऊ देऊ नका राग."

उखाणा! लग्नातला उखाणा घेत होती बाई. नाव घ्यायची तिला ठाऊक असलेली एकच वाट होती, आणि ती त्या वाटेनं निघाली. टक. पुन्हा जैनाबादची वाट, पुन्हा केळीची बाग. तिसऱ्या वेळी आतून पुरुषी "हं" आला. भूपेंद्रला हसू आलं. चाळीस वर्षांपूर्वी मांडवात बायाबापड्यांनी आग्रह केला असेल, तेव्हा ही अशीच खाली मान घालून म्हणाली असेल.

शनवाऱ्याच्या चौकात मात्र गाडी अडकली. केळीचा ट्रक आडवा, त्याच्याभोवती रिक्षा, हातगाड्या. आता सायरनशिवाय गत्यंतर नव्हतं. त्यानं लावला. मिनिट गेलं, दुसरं गेलं. लोक हलले, ट्रक मागं सरकला. त्या दोन मिनिटांत मागं काय चाललंय याचा त्याला पत्ता नव्हता. आरशात फक्त मथुराबाईची पाठ दिसत होती, वाकलेली.

गर्दी सुटताच त्यानं सायरन बंद केला. मागं काहीच नाही. चमचा नाही, उखाणा नाही.

दवाखाना चार मिनिटांवर होता. थांबून पाहावं तर वेळ जातो, आणि न थांबावं तर पुन्हा तेच गार हात. हिमानी असती तर हा प्रश्नच पडला नसता. त्यानं गाडी कडेला घ्यायला स्टिअरिंग वळवलं.

"दगा!"

भूपेंद्रचा पाय ब्रेकवरच राहिला.

"दगा! ए दगा! डोळे उघड! मले एकटं सोडून कुठं चालला तू? दगा!"

ना राव, ना जी, ना अहो. चाळीस वर्षांचं सगळं एका दमात. आणि मग एक कोरडा, ओढलेला, पण रागावलेला आवाज, "गप गं... लोक ऐकून राहिले नं."

भूपेंद्रनं ब्रेक सोडला. पुढची चार मिनिटं त्यानं डोकं खिडकीबाहेर काढून "हटो भाई, हटो" असं ओरडत गाडी नेली. सायरन त्यानं लावला नाही. मागचा एकही शब्द त्याला गमवायचा नव्हता.

दवाखान्यात डॉक्टरांनी दगाजीला तपासलं, सलाइन लावलं. "वेळेवर ओला ठेवला म्हणून वाचला," म्हणाले. "ईएमटी कोण होतं?" भूपेंद्रनं बाकावर बसलेल्या मथुराबाईकडे बोट दाखवलं. तिची साडी कमरेपर्यंत भिजलेली, आणि मुठीत अजून चमचा. सुतळी तुटली होती, तिलाही कळलं नव्हतं. शनवाऱ्यात ती नवऱ्यावर वाकली तेव्हाच तुटली असणार.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पुढचा कॉल, लालबागेकडचा. भूपेंद्र चमचा घ्यायला तिच्याजवळ गेला. तिनं तो पदराला पुसून त्याच्या हातात ठेवला.

"भाऊ, तुमच्यासंग मागं कोणी नसतं का?"

"येईल लवकर."

तिनं मान हलवली. मग आजूबाजूला पाहून, आवाज खाली आणून म्हणाली, "एक सांगू? मी जे त्यांचं नाव घेतलं... असं एकेरी... ते कोणाला बोलू नका. रोहितला तर बिलकूल नका."

भूपेंद्रनं चमचा खिशात टाकला.

"मी तर पुढं होतो, मावशी," तो म्हणाला. "मला मागचं काय ऐकू येतं?"