रविवारी उतरणारे पाणी

मित्रांनो, लोधिवलीच्या खालच्या अंगाला, पाताळगंगेच्या पात्रात एक लोखंडी पट्टी उभी आहे. रंग उडालेली, कमरेत जराशी वाकलेली. ती मी. नदीचे पाणी मोजणे एवढेच मला येते.

मी नवी होते तेव्हा माझ्या पांढऱ्या अंगावर ठसठशीत काळे आकडे होते. १९६९ साली मला इथे रोवले, ते एका मोठ्या बेतासाठी. त्याच्या दीडएक वर्ष आधी कोयनेला भूकंप झाला होता. वीज गेली आणि मुंबईकडचे कारखाने थांबले. तेव्हा सरकारच्या एका कचेरीत विचार निघाला, की कारखान्यांच्या जवळच छोटी छोटी अणुवीज केंद्रे बांधावीत. एकीकडची वीज गेली तरी दुसरी हाताशी राहील. अणुभट्टी थंड ठेवायला बारमाही पाणी लागते, आणि पाताळगंगा तर उन्हाळ्यातही वाहते. नेमकी किती वाहते, ते मी सांगायचे होते.

मला वाचण्याचे काम हिरूला मिळाले. चौथीपर्यंत शिकलेली, तिशीतली बाई. नवरा वारल्यावर भाताची दोन खाचरे एकटीने करत होती. दिवसातून तीनदा ती काठ उतरून यायची, वाकून आकडा बघायची, मोठ्याने म्हणायची आणि मग वहीत लिहायची. माझे आकडे कुणीतरी असे मोठ्याने म्हणते, याचे मला फार सुख वाटे.

गावाला या केंद्राची आस लागली होती. घरोघरी रॉकेलच्या चिमण्या होत्या, आणि हिरूच्या धाकट्या दिराला, नागूला, तिथे नोकरी हवी होती. पण जागेच्या कडेने चुन्याच्या खुणा पडल्या तेव्हा हिरूची दोन्ही खाचरे त्या खुणांच्या आत गेली. माझ्याजवळच्या खडकावर त्या दिवशी ती बराच वेळ बसून राहिली.

उन्हाळा आला आणि एक गोष्ट दिसू लागली. सहा दिवस पाणी माझ्या छातीशी असे, रविवारी ते घोट्याशी येई. हिरू जसे दिसे तसे लिही. नागूला हे कळले तेव्हा केंद्र हातचे जाईल या धास्तीने तो तिच्या मागोमाग नदीवर आला.

"वयनी, रविवारचा आकडा शनिवारचाच लिव. कोन बघाया येतंय?"

"पानी उतरलं तं मी काय करू रं?" एवढेच हिरू म्हणाली, आणि लिहायचे ते लिहून वर गेली.

महिन्याच्या शेवटी दहिवलीचे अप्पा वही न्यायला आले. ते सरकारी ओव्हरसियर. सरळ, पण कागदाचा माणूस. आजवर ते वहीतून महिन्याची सरासरी काढून वर पाठवत, आणि सरासरीत सगळे रविवार बुडून जात. या खेपेला त्यांनी पाने एकेक करून पाहिली आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हिरूबाई, तुमचं शेत खुणांच्या आत आहे. पाणी कमी दिसलं तर केंद्र इथे होणार नाही. साहेब मला विचारतील, मी काय सांगू?"

हिरूचा चेहरा उतरला. ती खरे लिहीत होती हे मला ठाऊक होते, पण मित्रांनो, मोजपट्टीला बोलता येत नाही. त्या दिवसाइतके मुकेपण मला कधी जड गेले नाही.

"मंग रविवारी तुमीच या," ती म्हणाली. "मी काय बी सांगनार नाय. बसून बघा."

पुढच्या रविवारी अप्पा डबा घेऊन आले आणि सकाळपासून खडकावर बसले. पाणी एक मीटर दहावर होते. दुपारी ते साठ सेंटीमीटरवर आले. चारच्या सुमाराला माझा पायथा उघडा पडला आणि गोट्यांमध्ये मासे तडफडू लागले. अप्पा चपला काढून पात्रात उतरले. वाकून त्यांनी माझा सगळ्यात खालचा आकडा वाचला, बोट लावून पुन्हा वाचला.

मग हिरूने सांगितले. उन्हाळ्यात नदीला येते ते पाणी घाटाखालच्या वीजघरातून सुटलेले असते. रविवारी कारखाने बंद, विजेला मागणी कमी, म्हणून तिकडची यंत्रे थांबतात आणि इकडे पाणी आटते.

अप्पांच्या ध्यानात आले, की जे केंद्र इतर वीज गेल्यावर उपयोगी पडायचे, त्याचे पाणी घाटाखालच्या विजेबरोबरच जाणार होते.

"मी तुमच्यावर संशय घेतला, हिरूबाई," ते म्हणाले. "तो घ्यायला नको होता."

त्यांनी सगळे रविवार वेगळे लिहून वर पाठवले. वर्षभरात चुन्याच्या खुणा पुसल्या गेल्या आणि बेत बारगळला. हिरूची खाचरे राहिली. पण बाईने शेतासाठी गावचा उजेड घालवला, असे लोक म्हणत. नागू दोन वर्षे तिच्याशी बोलला नाही. पुढे तो खोपोलीच्या एका कारखान्यात लागला, गावात विजेचे खांबही आले, आणि लोकांचे बोलणे हळूहळू थांबले.

कचेरी मला विसरली. हिरूची रोजंदारी बंद झाली. तरी ती दर रविवारी नारळाची शेंडी घेऊन येई आणि माझ्या अंगावरचे शेवाळ घासून काढी. आता कशाला, असे कुणी विचारले की म्हणे, "बेत गेला, नदी तं हाय ना."

ती शेवटची आली १९९३च्या उन्हाळ्यात. गुडघ्यांमुळे तिला काठ उतरवेना. नागू हात धरून बरोबर आला होता, त्याचेही केस पिकले होते.

"किती हाय रं?" तिने वरून विचारले.

नागू पाण्यात उतरला, मला पंच्याने पुसले आणि म्हणाला, "चाळीस."

"नीट बघ."

तो आणखी वाकला. त्याचे नाक पाण्याला टेकले. "अडतीस, वयनी," तो म्हणाला.

मित्रांनो, मला नवा रंग द्या असे मी म्हणत नाही. गावोगावच्या नद्यांत, विहिरींत, धरणांवर माझ्यासारख्या पुष्कळ आहेत. कधी तुमच्यावर वाचायची पाळी आली, तर आधी शेवाळ पुसा, आणि वाकून वाचा.