तोंड नसलेली माशी

“हात पुढे करा. तंबाखूचं पान बांधते.”

“नाही. राहू दे तिला.”

माझ्या नवऱ्याच्या, हर्मिनियोच्या दंडावर गळवासारखी गाठ आली होती. मधल्या भोकातून अळी श्वासासाठी वर डोकावत होती. आमच्या सान कार्लोसच्या गोठ्यांत तोर्सालो माशीच्या अळ्या नव्या नाहीत. चाळीस वर्षं हा धारा काढतोय आणि वासरांच्या पाठीला तंबाखूचा रस लावून अळ्या पिळून काढतोय.

“अगं डेल्फिना, हजारो अळ्या मारल्या, पण त्यांची माशी एकदाही बघितली नाही. उजवा डोळा गेला. डावा आहे तोवर बघून घेतो.”

मी तंबाखूचं पान परत ठेवून दिलं. माशी कुणाला दिसत नाही हे खरंच. ती जनावराजवळ येतच नाही. डास पकडते, त्याच्या पोटाला अंडी चिकटवते आणि सोडून देते. डास चावायला बसला की अंगाच्या उबेनं अळी निघते आणि कातडीत शिरते. कोणी शिकवलं असेल तिला?

दोन महिने हा माणूस कळा सोसत होता. “पोटुशी बाईसुद्धा इतकं जपत नाही,” शेजारची ओतिलिया म्हणायची.

एका सकाळी धार काढताना अळी आपणहून बाहेर पडली. बादली तशीच टाकून हा तिला ओंजळीत घेऊन आला. मी कॉफीच्या बरणीत ओली माती भरली, वर फडकं बांधलं. महिना उलटला. डावा डोळाही विझत चालला. एरवी मला किळस, पण रोज मातीवर पाणी शिंपडताना मीच म्हणायचे, “नीघ गं बये लवकर!”

निघाली एकदाची. मी बरणी उन्हात धरली.

“कुठंय?”

“अहो, तुमच्या नाकासमोर!”

“नुसता उजेड दिसतोय गं.”

मला रडूच फुटलं.

“रडतेस काय? तू सांग ना.”

“पोट निळं आहे. झळाळतंय नुसतं. पाय नारिंगी.”

“आणि तोंड?”

मी बरणी फिरवून फिरवून बघितली. “तोंडच नाही हो हिला!”

“मग खाते काय?”

“जन्माचं तुमच्याकडेच जेवून आलीय.”

तो खदखदून हसला. मग दंडावरच्या वणावर बोट फिरवत राहिला. “माझ्या या काळ्या दंडातून निळा रंग कुठून आणला असेल गं तिनं?”

बरणी त्याच्या उशाशी राहिली. तिची गुणगुण ऐकत तो पडून असायचा. पाचव्या सकाळी पाहिलं, तर माशी पाय वर करून पडली होती.

“आज आवाज नाही?”

“उन्हात बसलीय,” मी म्हटलं. “चमकतेय.”

“बसू दे,” तो म्हणाला आणि कॉफीचा कप चाचपडू लागला.