दोन पट्ट्यांच्या मधला सूर

आमच्या बँडचं नाव अक्कलदाढ. नाव डॉक्टरांनी सुचवलं. ते दातांचे डॉक्टर आणि आमच्यात ड्रम वाजवणारे. म्हणाले, "सगळ्यांना उशिरा आलीय आणि घरच्यांना ठणका लागलाय. याहून चांगलं नाव मिळायचं नाही."

दर गुरुवारी शेवटचा पेशंट गेला की त्यांच्या दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत आम्ही जमतो. खुर्च्या भिंतीला सरकवायच्या, दात कसे घासावेत हे दाखवणारा प्लास्टिकचा मोठा जबडा कपाटावर ठेवायचा आणि सामान मांडायचं. शेजाऱ्यांची कधी तक्रार आली नाही. "इथून किंचाळ्या ऐकायची त्यांना सवय आहे," हे डॉक्टरांचं त्यावरचं उत्तर.

लांबू बेस गिटार वाजवतो. एरवी तो लिफ्ट दुरुस्त करतो, आणि एवढ्या उंचीचा माणूस त्या खड्ड्यात मावतो कसा हे देवालाच ठाऊक. मी कीबोर्डवर. आणि ज्याच्यामुळे आम्ही एकत्र आलो तो माझा थोरला भाऊ. गिटार त्याची, गळा त्याचा, गाणीही त्यानेच केलेली. सगळे त्याला दादाच म्हणतात, डॉक्टरसुद्धा, ते वयाने मोठे असून. दादाचं किल्ल्या बनवायचं दुकान आहे. दिवसभर ते यंत्र पितळेवर कर्र कर्र करत असतं.

मी रोज सकाळी देवापुढे दिवा लावून दोनच गोष्टी बोलते. आज खोटं बोलणार नाही. आज कुणाचं मन दुखावणार नाही. संध्याकाळी पुन्हा दिवा लावला की पाळल्या का ते स्वतःला विचारते. दादा मला त्यावरून जपमाळ म्हणतो. "जपमाळ, तुझ्या देवाला सांग, लांबूला थोडा ताल दे." लांबू म्हणतो, "दादा, मागायचंच आहे तर चांगला गायक मागा की." हे दोन नेम माझ्याकडे वर्षानुवर्षं सख्ख्या बहिणींसारखे नांदले. त्यांचं कधी वाकडं येईल असं मला वाटलं नव्हतं.

आमची सूर लावायची एक पद्धत आहे. गिटार सुरात लावायची नखाएवढी यंत्रं हल्ली कुठेही मिळतात. आमच्याकडे ती चालत नाहीत. दादा म्हणतो, "डोळे मिटा." सगळे मिटतात. मग तो क्षणभर थांबतो, डोक्यातून सूर काढतो आणि पहिली तार छेडतो. बाकीच्यांनी त्याला मिळायचं. लहानपणी दार करकरलं तरी तो सांगायचा, हा अमुक सूर. आम्ही शाळेतल्या पियानोवर जाऊन पडताळायचो. कधी चुकला नाही. त्यामुळे त्याच्या सुरावर शंका घेणं म्हणजे सूर्य आज पूर्वेलाच उगवला ना, असं विचारण्यासारखं.

शनिवारी आम्ही दोघं दुसऱ्यांचे बँड ऐकायला जातो. बुटांच्या दुकानाखाली एक तळघर आहे, तिथे आमच्यासारखेच हौशी लोक वाजवतात. खांबाजवळची जागा आमची ठरलेली. अशाच एका शनिवारी एक मुलगी फार सुरेख गात होती. दादा माझ्या कानाशी वाकला आणि म्हणाला, "गळा चांगला आहे. पण सूर सगळ्यांनीच चढे लावलेत." त्याला वाटलं तो कुजबुजतोय. पुढच्या दोन रांगांनी मागे वळून पाहिलं.

पुढच्या शनिवारी दुसरा बँड होता. तेही चढे. त्यापुढचेही चढे. "हल्ली सगळं जगच चढं लावतं," दादा म्हणाला. "घाई झालीय लोकांना." मी हसले. नंतरच्या गुरुवारी दादाने सूर दिला, मी पट्टी दाबली आणि माझे दात आंबले. माझ्या कीबोर्डचा सूर त्याच्या गिटारीच्या वर होता. मला वाटलं, कीबोर्ड बिघडला. घरी आणून भाच्याकडच्या सूर लावायच्या यंत्रावर तपासला. कीबोर्ड जागच्या जागी होता.

मग सरकलं होतं ते काय, हे कळायला फार हुशारी लागत नव्हती.

माझ्या कीबोर्डच्या मागे एक लहानशी चक्री आहे, सगळा सूर किंचित वर किंवा खाली न्यायची. त्यानंतरच्या गुरुवारी सगळ्यांचे डोळे मिटलेले असताना मी हात मागे नेला आणि ती फिरवली, दादाच्या तारेला मिळेपर्यंत. डोळे उघडून दादा म्हणाला, "व्वा. आज कसं लोण्यासारखं लागलंय." मी काही बोलले नव्हते. म्हणजे खोटं बोलले नव्हते. रात्री घरी आल्यावर दिव्यापुढे मी हेच सांगितलं, आणि मलाच ते पटलं नाही.

टीव्हीचा आवाज वाढत गेला तसा वहिनीने हट्टाने त्याला कान तपासायला पाठवलं. सोबत मी. काचेच्या खोलीत त्याला कानावर मोठाले हेडफोन लावून बसवलं होतं. तो आतून मला हात करत होता, विमान चालवत असल्यासारखा. तपासणारी मुलगी बाहेर माझ्याशी बोलत होती. म्हणाली, वर्षानुवर्षं यंत्राच्या आवाजात काम केल्यामुळे कान गेलेत. कमी ऐकू येतं त्याला मशीन आहे. पण कधीकधी सूरही सरकतो, आहे त्यापेक्षा वर ऐकू येतो, आणि त्याला उपाय नाही.

"ते गातात का?" तिने विचारलं.

"बँड आहे आमचा."

तिने हातातलं पेन खाली ठेवलं. "तुम्ही सांगाल त्यांना?"

मी काचेतून दादाकडे पाहिलं. त्याने अंगठा वर केला. "बघते," मी म्हटलं.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "काय म्हणाली? मशीन लावा, हेच ना? मशीन लावून गिटार वाजवायची म्हणजे चष्मा लावून स्वप्न बघण्यासारखं." आणि स्वतःच्याच विनोदावर इतका हसला की मला पुढचं बोलताच आलं नाही.

वहिनीला मात्र मी सगळं सांगितलं. ती भाजी चिरत होती, चिरतच राहिली. "सांगू नकोस," ती म्हणाली. "दुकानातून येतो तेव्हा पिठाच्या रिकाम्या पोत्यासारखा येतो. गुरुवारी तेवढा माणूस होऊन येतो. बँड गेला तर माझ्या घरात नुसता किल्ल्या घासणारा उरेल."

"पण वहिनी, लोकांसमोर..."

"तुझं देवाशी बरं आहे ना? मग त्यालाच सांभाळायला सांग."

मी सांगत होतेच. देवही बहुधा माझ्यासारखाच मऊ बोलणारा असावा, मला ऐकू आलं नाही.

पुढे कळलं की हे गुपित नव्हतंच. एका गुरुवारी दादा हात धुवायला गेला तेव्हा लांबू म्हणाला, "ताई, तुमची ती मागची चक्री आणखी किती उरलीय?" मी चपापले. तो बेसची खुंटी पिळत म्हणाला, "माझी तर तार एवढी सैल झालीय की कपडे वाळत घालता येतील." डॉक्टर ड्रमच्या मागून म्हणाले, "माझे ड्रम बेसूर होत नाहीत, एवढंच काय ते सुख."

"डॉक्टर, तुम्ही सांगा ना," मी म्हटलं. "तुम्ही लोकांना रोज वाईट बातम्या देता."

"मी आधी भूल देतो, ताई. याला कुठली भूल देऊ?"

तेवढ्यात दादा आला आणि आम्ही तिघंही एकदम हवेबद्दल बोलायला लागलो.

पुस्तकांच्या एका दुकानाच्या मागच्या खोलीत आमचा कार्यक्रम ठरला, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद दादालाच झाला. मालकीणबाईंनी निरोप पाठवला होता, जागा लहान आहे, कीबोर्ड आणू नका, आमचा पियानो आहे. त्यांच्या वडिलांचा पियानो. आमच्यासाठी मुद्दाम माणूस बोलावून सुरात लावून घेतला होता.

"खराखुरा पियानो, जपमाळ," दादा म्हणाला. "तुझ्या नशिबाला आला." पियानोला मागे चक्री नसते.

आम्ही उजेड असतानाच पोहोचलो. कपाटं बाजूला सारून खुर्च्या मांडल्या होत्या. वहिनी पुढेच बसली, इस्त्रीची साडी नेसून. मी पियानोचं झाकण उघडलं आणि हळूच एक पट्टी दाबली. स्वच्छ, गोल सूर. एवढा चांगला सूर ऐकून मला कधी एवढी भीती वाटली नव्हती.

"दादा," मी म्हटलं, "आज पियानोवरून सूर घेऊ या? तो काही आपल्याला मिळणार नाही. आपण त्याला मिळू."

"दे," तो म्हणाला. मी पुन्हा पट्टी दाबली. त्याने मान तिरकी केली.

"चढा आहे," तो म्हणाला.

"असू दे. आजच्यापुरतं..."

"असू दे कसं? अख्खा कार्यक्रम चढा गाऊ?" त्याने मालकीणबाईंना हाक मारली. "बाई, पियानो कुणी लावला? जरा चढा लागलाय."

बाई हसत आल्या होत्या, त्यांचं हसू उतरलं. "सकाळीच लावलाय हो. ते चाळीसेक वर्षं हेच काम करतात."

"माणूस आहे, चुकतो," दादा मोठ्या मनाने म्हणाला.

मी लांबूकडे पाहिलं. लांबूने डॉक्टरांकडे. डॉक्टरांनी झांजेचा स्क्रू घट्ट केला, तो आधीच घट्ट होता.

"डोळे मिटा," दादा म्हणाला.

त्याने तार छेडली. मी पियानोवर तो सूर शोधला. एक पट्टी दाबली, वर होती. तिच्या खालची दाबली, ती फार खाली. दादाचा सूर दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत होता, जिथे पियानोत नुसतं लाकूड असतं. पट्टी बदलून वाजवावं म्हटलं तरी सोय नव्हती. मी डोळे उघडले. बाकी सगळ्यांचे मिटलेले होते.

लोक आले. सुरुवातीच्या गाण्यांना मी पट्ट्यांवर नुसती बोटं फिरवली, दाबली नाहीत. गिटार, बेस आणि गळा आपापसात मिळालेले होते, त्यामुळे कुणाला काही कळलं नाही. लोक मान डोलावत होते. वहिनी माझ्या बोटांकडे बघत होती. मला वाटायला लागलं, निभावेल.

शेवटचं गाणं दादाने आई गेल्यावर केलेलं. ते एकट्या कीबोर्डवर सुरू होतं, मग तो गायला लागतो. त्याने लोकांना तसं सांगितलंसुद्धा. "हे सुरू करेल माझी बहीण." सगळी खोली माझ्याकडे बघायला लागली. लांबू बेसवर हात ठेवून खाली बघत होता.

मी वाजवलं. दुसरं काय करणार. स्वच्छ वाजलं, खोली शांत झाली. मग दादाने गिटार छेडून पहिली ओळ घेतली.

दोन्ही एकत्र आले आणि पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी खांदे आक्रसले. मागे कुणीतरी खोकल्यात हसू लपवलं. मी थांबले. दादाही थांबला. एक क्षण त्याने पियानोकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मला वाटलं, आता याला कळलं. कळू दे, असंही वाटलं. नको कळू दे, असंही.

तो लोकांकडे वळून हसला. "माफ करा. हिचं वाजवणं गोड आहे, पियानोच जरा चढा आहे." मग माझ्याकडे वाकून, त्याच्या त्या मोठ्या कुजबुजीत म्हणाला, "तू नको वाजवूस. मी तुझंही वाजवतो."

आणि माझा भाग त्याने गिटारीवर वाजवला, सगळा, एकही जागा न चुकता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हात मांडीवर ठेवून बसले होते. खोलीच्या दाराशी मालकीणबाई मात्र टाळ्या न वाजवता वडिलांच्या पियानोकडे बघत होत्या. मी त्यांच्याकडे जाऊन दोन शब्द बोलायला हवे होते. पण बोलायचे ते दोन शब्द दादाबद्दलचे होते.

परतताना दादाने गिटार एका खांद्यावर आणि माझी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. वहिनी मुद्दाम दोन पावलं मागे चालत होती.

"वाईट वाटून घेऊ नकोस," तो म्हणाला. "तुझी काही चूक नव्हती."

मी रस्त्याकडे बघत चालत राहिले.

"पुढच्या वेळी काही झालं तरी आपला कीबोर्ड न्यायचा. इतकी वर्षं वाजवतेस, एकदा तरी धोका दिलाय का त्याने?"

त्याला उत्तर हवं होतं. तो थांबून माझ्या तोंडाकडे बघत होता, हल्ली बघतो तसा, ओठ वाचायला. मी मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, मला सांगता येणार नाही. त्याने त्याला हवी तशी घेतली आणि चालायला लागला.

गुरुवारी जबडा कपाटावर गेला, खुर्च्या भिंतीला लागल्या. दादा हात धुवायला आत गेला तेव्हा आमच्यापैकी कुणीच काही बोललं नाही. तो रुमालाला हात पुसत आला, स्टुलावर बसला आणि म्हणाला, "डोळे मिटा."

तार वाजली. मागच्या वेळेपेक्षाही खाली. माझ्या उजवीकडे लांबूची खुंटी हळू कुरकुरली. मी हात मागे नेला आणि चाचपडत चक्री शोधली.