मार्था गटाचा महिना

१९९३ सालच्या ऑक्टोबरातल्या एका शनिवारी सकाळी अमेरिकेतल्या हाल्वर या शेतकरी गावात, लुथरन चर्चच्या तळघरात अर्डिस बन कापत होती. एका हाताने बन दाबायचा, दुसऱ्याने सुरी आडवी फिरवायची. कापलेला बन व्हर्लाकडे जाई, ती लोणी लावी, आणि लव्हॉन त्यात हॅमचा काप ठेवून बंद करी. वर बेथ मोएनचा अंत्यविधी चालू होता. ऑर्गनचे सूर छतातून खाली झिरपत होते.

बेथ सोळा वर्षांची होती. मंगळवारी शाळेच्या जेवणघरात टॉड लिंडने तिला आणि आणखी दोघांना गोळ्या घातल्या, आणि शेवटी स्वतःला. टॉड याच गावचा, सतरा वर्षांचा, याच चर्चमध्ये बाप्तिस्मा झालेला. त्याला गुरुवारी पुरलं, तेव्हा पाद्री आणि त्याची आई डार्लीन एवढीच माणसं होती. त्याच्यामागे कुणी कॉफीचं आधण ठेवलं नव्हतं.

"टीव्ही," व्हर्ला म्हणाली. "दुसरं काही नाही. दिवसभर ढिश्क्यांव ढिश्क्यांव."

"माझा डीन काय टीव्हीवर हवामान बघतो?" लव्हॉन म्हणाली. "तोही तेच बघतो."

"मग ती गाणी. काळे शर्ट घालून बोंबलतात ती."

"डीनच्या खोलीत त्यांची एवढी चित्रं आहेत, की भिंतीचा रंग मी विसरले."

"बापाविना वाढला तो. ते तरी मान्य कर."

"बाप असून आमच्याकडे काय दिवे लागलेत? कापणी सुरू झाली की पोरगा बापाला फक्त ट्रॅक्टरच्या काचेतून बघतो."

व्हर्लाने सुरी खाली ठेवली. "तू आज प्रत्येक गोष्टीला फाटे फोडायचं ठरवून आलीयेस."

"फाटे नाही गं," लव्हॉन म्हणाली. "मला असं काहीतरी सांग, जे माझ्या घरात नाही."

ऑर्गन थांबला होता. वर कुणीतरी खोकलं.

"लोणी कडेपर्यंत लाव, व्हर्ला," अर्डिस म्हणाली. "कोरडा बन आज कुणाच्या घशाखाली उतरायचा नाही."

तेवढ्यात मागचं दार उघडलं. दारात डार्लीन लिंड उभी होती. अंगात एप्रन, हातात लिंबाच्या वड्यांचा ट्रे.

आमच्या चर्चमधल्या बायकांचे बारा गट होते, वर्षातला एकेक महिना एकेकाचा. ज्या गटाचा महिना असेल, त्या महिन्यात कुणीही वारलं तरी अंत्यविधीनंतरचं जेवण त्या गटाने करायचं. ओळखीचा असो, भांडणातला असो, कुणाला वगळायचं नाही. ऑक्टोबर मार्था गटाचा होता, आणि डार्लीन बारा वर्षं त्या गटात होती. भांडी तिच्याकडे असत.

"महिना आपला आहे ना," ती म्हणाली.

तिला आत घ्यावं तर वरून सगळं गाव खाली येणार होतं. परत पाठवावं तर कुणी पाठवायचं? व्हर्ला अर्डिसकडे बघत राहिली. अर्डिस सदुसष्ट वर्षांची, गटातली सगळ्यांत थोरली. तिने हात पुसले, वाढायच्या खिडकीशी गेली आणि तिची फळी अर्ध्यावर ओढून घेतली.

"तू सिंकपाशी लाग," ती म्हणाली. "तोंड भिंतीकडे ठेव."

लव्हॉनने तिच्या हातातला ट्रे घेतला. तो बाहेर पाठवावा की नाही हे तिला कळेना. शेवटी तिने तो फ्रिजच्या डोक्यावर ठेवून दिला.

माणसं खाली आली. खुर्च्या सरकल्या, काटे वाजू लागले. कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. खिडकीच्या अर्ध्या फटीतून नुसते हात दिसत. हात रिकाम्या बशा आत सरकवत आणि भरलेल्या घेऊन जात. डार्लीन बशा धूत राहिली. गरम पाण्याने तिचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते.

बऱ्याच वेळाने, मान न वळवता, ती म्हणाली, "तुम्हाला काय वाटतं?"

"कशाचं?" व्हर्लाने विचारलं, आणि विचारल्याबरोबर तिची मान खाली गेली.

"गावात बोलत असतीलच. बोलायलाच हवं. पोलीस मला विचारतात, पेपरवाले मला विचारतात. मला कुणी सांगत नाही. तुम्ही सांगा ना. काहीही असलं तरी चालेल, मी मानेन."

सकाळपासून ज्या तोंडांतून कारणं पडत होती, त्यांतून आता एक निघेना. व्हर्ला सुरीवरचं लोणी कपड्याने टिपत बसली. लव्हॉनने स्वच्छ ओटा पुन्हा पुसला.

"कप आधी धू गं," अर्डिस म्हणाली. "बाहेर कप कमी पडतायत."

डार्लीनने कप पाण्यात घेतले.

"रविवारी रडत होता तो," ती म्हणाली. "एवढा मोठा मुलगा, भिंतीकडे तोंड करून. काय झालं म्हणून मी विचारलं नाही. विचारलं असतं तर लाजला असता. म्हटलं, जा, बंदूक घे, खालच्या कुंपणाकडे जाऊन दोनचार डबे उडवून ये, मन हलकं होतं. माझे वडील माझ्या भावांना हेच सांगायचे." तिने कप उपडा ठेवला. "गेला. आला तेव्हा बरा दिसत होता. बटाटे मागून घेतले. अर्डिस, खरंच बरा दिसत होता."

त्या काळी आमच्याकडे प्रत्येक घराच्या मागच्या दाराशी, कोटांच्या खुंट्यांशेजारी, एखादी छत्री असावी तशी बंदूक उभी असायची. सकाळपासून इतकी कारणं निघाली, पण तिचं नाव कुणी काढलं नव्हतं. लपवायचं म्हणून नव्हे. ती कुणाला दिसतच नव्हती. आणि डबे उडवून ये हे वाक्य तर औषधासारखं होतं. पोटात दुखलं की सोड्याचं पाणी, मनात दुखलं की डबे. अर्डिसचे चार मुलगे त्याच वाक्यावर वाढले होते. लव्हॉन स्टुलावर बसली. गेल्याच आठवड्यात डीन जेवणावरून उठला, तेव्हा आपण काय म्हणालो ते तिला आठवत असावं.

"अगं, डार्लीन," अर्डिसने सुरुवात केली आणि तिथेच थांबली.

जेवण झाल्यावर घरच्या माणसांनी स्वयंपाकघरात येऊन बायकांचे आभार मानायचे अशी रीत होती. ती या गडबडीत कुणाच्याच ध्यानात राहिली नाही. दार ढकलून सोल्वे मोएन आत आली. बेथची आई. काळा झगा तिला सैल होत होता, कुणाकडून तरी आणलेला असावा.

अर्डिस एक पाऊल बाजूला सरकली. पण ती अंगाने किरकोळ, सिंक काही झाकलं गेलं नाही.

"बटाटे छान झाले होते," सोल्वे म्हणाली. अशा वेळी सगळे म्हणतात तसं.

"थोडे बरोबर देऊ का बांधून?" लव्हॉन म्हणाली.

सोल्वे सिंककडे बघत होती. ती पाठ तिच्या ओळखीची होती. चर्चच्या गाण्यात ती वर्षानुवर्षं त्याच पाठीमागे उभी राहत आली होती. डार्लीनचे हात पाण्यात थांबले. तिने मान वळवली नाही. नळ चालू होता.

"सगळ्यांचे आभार," सोल्वे म्हणाली, आणि दार आपल्यामागे हलकेच लावून घेऊन गेली.

'सगळ्यांचे' म्हणजे कुणाकुणाचे, यावर व्हर्ला आणि लव्हॉन पुढे कित्येक वर्षं वाद घालत. व्हर्लाचं म्हणणं, तो नुसता बोलायचा शब्द. लव्हॉनचं म्हणणं, तिने तो बघून, मोजून उच्चारला. सोल्वेला विचारायची सोय राहिली नाही. मोएन कुटुंबाने वसंतात शेत विकलं आणि ते मोंटानाकडे गेले. तिथून एक नाताळचं कार्ड आलं, पुढे काही नाही.

व्हर्ला २००४ मध्ये वारली. टीव्हीमुळेच झालं यावर तिचा विश्वास अखेरपर्यंत टिकला. तिच्या खोलीत टीव्ही चालूच असे. लव्हॉनचा डीन ट्रक चालवतो, त्याला दोन मुली आहेत. त्याने कुणाचं काही वाईट केलं नाही. का नाही केलं, हेही लव्हॉनला कधी कळलं नाही.

डार्लीन गाव सोडून गेली नाही. धान्याच्या कोठारावर वजनकाट्यापाशी काम करत राहिली. ऑक्टोबर आला की मागच्या दाराने येई, सिंकपाशी उभी राही. तिने परत कुणाला काही विचारलं नाही. ती वारली तेव्हा एप्रिल होता. तो महिना दुसऱ्या गटाचा, पण कॉफी लावायला मार्था गटातल्या राहिलेल्या दोघी आल्या.

अर्डिसचं सांगायचं तर एवढंच. पुढल्या हिवाळ्यात तिचा नातू वेन, पंधरा वर्षांचा, शाळेतून आला तो दार आपटून. कुणा मुलीचं काहीतरी होतं. बूट न काढता तो मागच्या दाराशी, बंदुकीशेजारी उभा राहिला.

"आजी, मी कुंपणापर्यंत जाऊन येतो."

अर्डिस तोंडात आलेलं वाक्य बोलली नाही.

"बस इथे," ती म्हणाली.

"बसून काय करू?"

तिने खूप विचार केला. मग त्याच्या समोरची खुर्ची ओढली आणि तीही बसली. बाहेर दुधाची गाडी आली, हॉर्न वाजवून निघून गेली. तो तिच्याकडे बघत होता, उत्तराची वाट बघत.