वाढवलं म्हणजे उद्या उघडतं

मित्रांनो, मी एक जुनी बादली आहे. आता लगेच न्हाणीघरातली प्लास्टिकची बादली डोळ्यांपुढे आणू नका, तिचं-माझं काही नातं नाही. मी अस्सल पितळेची, वरण वाढायची बादली. सध्या हिंगोलीकडच्या गोरेगावजवळ, एका बंजारा तांड्यावर, घराच्या कोपऱ्यात पालथी पडून असते. पालथ्या बादलीला दिसत काही नाही, ऐकू मात्र सगळं येतं. आणि ऐकून ऐकून मन भरलं की बोलावंसं वाटतं, म्हणून तुम्हाला हाक मारली.

माझा जन्म नांदेडच्या एका तांबटाच्या हातून झाला. त्यानं मला इतकं ठोकलं, इतकं ठोकलं की त्याच्या हातोडीचे ठसे अजून माझ्या अंगावर आहेत. बेबीबाईच्या बापानं मला तिच्या लग्नात आंदण दिलं. ती मला डोक्यावर घेऊन तांड्याच्या विहिरीवर जायची. पुढे तिच्या नवऱ्यानं, भीमसिंगनं, हिंगोलीत मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या रस्त्याला खानावळ काढली. भांडी कमी पडली, तेव्हा घरातून माझी रवानगी तिकडे झाली. कालपर्यंत पाणी वाहणारी मी, वरण वाढायला लागले. बढतीच म्हणा की!

काय दिवस होते ते! आत बेबीबाई ज्वारीच्या भाकरी थापायची, भीमसिंग गल्ल्यावर बसायचा आणि वाढायला होता संतराम. संतरामला औंढ्याकडची एक बहीण सोडली तर जवळचं कुणी नव्हतं. लग्न केलं नाही. खानावळीच्या माळ्यावर त्याची पेटी आणि वळकटी, तेच त्याचं घर. सकाळी तो मला चिंचेनं घासायचा, राखेनं पुसायचा आणि म्हणायचा, "चल बाई, लोकं भुकेली असतील." मोंढ्यात हळद घेऊन आलेले शेतकरी पिवळेधम्मक हात घेऊन जेवायला बसायचे. हात किती का धुवेनात, पिवळेपणा जायचा नाही. मग एकच गलका व्हायचा, "संतराम, वाढ!" "अरे, इकडं बी वाढ की, आमी काय पाव्हणे न्हाई का?" संतराम मला घेऊन पळायचा आणि वर म्हणायचा, "दम धरा, वरण काय पळून चाललं का?" लोक ताटात भाकरी कुस्करायचे, भुरके मारायचे आणि वरणाची तारीफ करायचे. मला वाटायचं, तारीफ माझीच चालली आहे. गर्व होता थोडा, आता कशाला लपवू?

एक गोष्ट इथंच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. भीमसिंगच्या तोंडून कधी 'बंद' हा शब्द निघायचा नाही. धंद्यात तो शब्द अशुभ. तुमच्या घरीही आजी म्हणत असेल, बांगडी फुटली म्हणू नये, वाढवली म्हणावं. तसंच दुकानाचं. दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. रोज गिऱ्हाईक संपलं की भीमसिंग म्हणायचा, "संतराम, वाढव आता." की संतराम शटर ओढायचा. दिवसभर माणसांना वाढायचं आणि शेवटी खानावळ वाढवायची. सकाळ झाली की पुन्हा पहिल्यापासून सुरू.

पण दिवस काही तसेच राहत नाहीत. आमच्या रस्त्यावरची सरकारी कचेरी गावाबाहेरच्या नव्या इमारतीत गेली. तिच्याबरोबर कारकून गेले, कारकुनांकडे कामाला येणारी माणसं गेली. शेतकऱ्यांच्या गाड्या बाहेरच्या बाहेर वळायला लागल्या, तिकडे मोठे धाबे झाले. रंगीत दिव्यांचे. पूर्वी दर दिवाळीला भीमसिंग मला आतून कल्हई करून आणायचा. पितळेला कल्हई नसली की आंबट वरण कळकतं, हे तुम्हाला माहीत नसेल, आता कुणाच्या घरी पितळ आहे! त्या वर्षी कल्हई राहिली. पुढच्या वर्षीही राहिली. बेबीबाईनं स्टीलची एक बादली आणली आणि मला नुसतं कांदे ठेवायला घेतलं. मी रुसले होते. पण संतराम येता-जाता फडक्यानं मला पुसायचा, म्हणून तो रुसवा फार टिकला नाही.

आणि मग ती दुपार आली.

संतराम त्या दिवशी नव्हता. बहिणीच्या, सोजराबाईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, तिला तिच्या गावी पोचवायला गेला होता. बेबीबाईनं नेहमीसारखं पातेलंभर वरण केलं. भाकरीची चळत रचली. जेवणाची वेळ झाली, कुणी आलं नाही. वेळ टळली, तरी कुणी आलं नाही. भीमसिंग दारात जाऊन रस्त्याकडे बघून आला. पुन्हा गेला, पुन्हा आला. मग त्या भरल्या पातेल्यासमोर उभा राहिला. ते दोघं आपसात गोरबोलीत, बंजाऱ्यांच्या बोलीत बोलायचे, मी तुम्हाला मराठीत सांगते. तो म्हणाला, "बेबी, बास झालं. चल घरी." तिनं विचारलं, "आजच्यापुरतं?" त्यानं मान हलवली, 'नाही' अशी. एवढंच. इतक्या वर्षांची खानावळ, मित्रांनो, एका मान हलवण्यात संपली.

बेबीबाईनं वरण-भाकरी मोंढ्यातल्या हमालांना नेऊन वाटली. परत आली तेव्हा भीमसिंगच्या कानाला फोन होता.

"संतराम, आज हॉटेल वाढवलं बरं का."

पलीकडून संतरामचा आवाज मला ऐकू आला. तो फोनवर नेहमी ओरडूनच बोलायचा. "दुपारीच? काहून मालक, तब्येत बराबर न्हाई का?"

"व्हय... तसंच काही."

"आराम करा मंग. मी उद्या येऊन राहिलो, तुमी काळजी करू नका."

भीमसिंगनं फोन ठेवला. बेबीबाई कंबरेवर हात ठेवून उभी. "सांगितलं?"

"सांगितलं."

"काय सांगितलं?"

"वाढवलं म्हणून."

"देवा रे!" बेबीबाईनं कपाळावर हात मारला. "ते तर तुमी रोजच म्हणता! त्याला काय कळंल?"

भीमसिंग खाली बघत म्हणाला, "दुसरा शब्द निघत न्हाई माझ्या तोंडातून. मी त्याला समोर बसवून नीट सांगतो." मी त्याच्याकडे बघत होते. नीट सांगणारा माणूस असा दिसत नाही. संध्याकाळच्या आत टेंपो आला, पातेली गेली, स्टीलची बादलीसुद्धा गेली. मी, बाकडी आणि माळ्यावरची संतरामची पेटी तेवढी मागे राहिलो. शटर खाली आलं, कुलूप लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटरवर थाप पडली. "मालक! ओ मालक!" संतराम होता. मी आत, तो बाहेर, मधे एक पत्रा. त्यानं फोन लावला, लागला नाही. पुन्हा लावला. शेजारचा सोनाजी, सायकलींचे पंक्चर काढणारा, म्हणाला, "संतरामभाऊ, भांडी भरून नेली त्यानी. बंद झालं वाटतं."

"काहीतरीच काय बोलतो रे!" संतराम चिडला. "मालक मला सोताच्या तोंडानं म्हणाले, वाढवलं. वाढवलं म्हणजे उद्या उघडतं. तब्येत बिघडलीय त्यांची, भांडी कल्हईला नेली असतील."

ऐकलंत? स्टीलच्या भांड्यांना कल्हई! त्यालाही कळत होतं हो, पण शब्दाला धरून बसला. मालकानं कधी खोटं सांगितलं नव्हतं, हाच काय तो त्याचा पुरावा.

तो रोज यायला लागला. रात्री कुठं झोपायचा, देव जाणे, एकदा सोनाजीला म्हणाला की स्टेशनवर बरं वारं लागतं. सकाळी आला की पायरी झाडायचा, नळाचं पाणी आणून शिंपडायचा आणि बसायचा. एखादं जुनं गिऱ्हाईक विचारायचं, "काय संतराम, उघडणार का न्हाई?" तर तो म्हणायचा, "उघडणार म्हणजे काय! मालकाची जरा तकलीफ चालू हाय." मी आत बसून ऐकायचे. मला ओरडून सांगावंसं वाटायचं, पण बादलीला कुणीतरी आपटल्याशिवाय आवाज नसतो.

एके दिवशी मोटारसायकल थांबली. प्रेमदास आला होता, वारंगा फाट्यावर त्याचा धाबा आहे. "संतरामभाऊ, जय भीम. माझ्याकडं या. वाढायला तुमच्यासारखा माणूस पाहिजे मला. राह्याला खोली देतो, दोन टायमाला जेवण. पण आताच सांगा, सीझन चालू हाय, मी थांबू शकत न्हाई."

माझा जीव कडीत आला. जा, संतराम, जा. खोली मिळते आहे, ताट मिळतं आहे, जा बाबा!

"जय भीम, प्रेमदासभाऊ," संतराम म्हणाला. "तुमचे उपकार. पण माझं काम चालू हाय हितं. मालकाला न सांगता कसा येऊ? ते उघडायला आले आन् मी नसलो तर वाढील कोण?"

प्रेमदास काही तरी म्हणाला, मग मोटारसायकलचा आवाज दूर गेला. त्या दिवशी मला भीमसिंगचा इतका राग आला की सांगता सोय नाही. एक शब्द, मित्रांनो. एक शब्द बोलायला त्याची जीभ रेटत नव्हती आणि त्या शब्दावाचून हा माणूस पायरीवर बसून होता.

बरेच दिवस गेले आणि कुलुपात किल्ली फिरली. बेबीबाई आली होती, एकटीच. भीमसिंगचे पाय हिंगोलीकडे वळत नव्हते. शटर वर गेलं, उजेड आत आला आणि उजेडात संतराम उभा होता. किती वाळला होता! पण चेहरा असा फुलला की काय सांगू. "आलात, वैनी! मी म्हणत होतो ना सोनाजीला!" त्यानं तिला बोलूच दिलं नाही. खांद्यावरचं फडकं कमरेला बांधलं, मला उचललं, आतून-बाहेरून पुसलं. "हिचं तर पार काळं करून ठेवलं राव. घासून घेतो. मालक मागून येऊन राहिले का? वरण किती टाकता आज? पहिला दिवस हाय, जरा जास्तच टाका."

बेबीबाई चुलीच्या ओट्याला टेकली. तिनं पदर तोंडाला लावला आणि मग काढला.

"संतरामभाऊ, बंद झालं."

त्या खानावळीत तो शब्द पहिल्यांदाच बोलला गेला. संतरामचा हात माझ्यावर तसाच थांबला.

"बंद झालं, भाऊ. कायमचं. त्याच दिवशी झालं. ह्यांच्या तोंडातून निघालं न्हाई. मीच फोन करायचा होता, मी बी न्हाई केला. आमाला माफ करा."

संतरामनं मला बाकड्यावर ठेवलं, अगदी हळू, भरलेली असल्यासारखी. मग त्यानं खिशातून फोन काढला आणि प्रेमदासला लावला. फार बोलणं झालं नाही. "लागला का माणूस? बरं, बरं. न्हाई, सहज विचारलं." फोन ठेवून तो म्हणाला, "वैनी, एवढंच सांगायचं होतं. मी तवाच रडलो असतो आन् मोकळा झालो असतो. मालकावर राग न्हाई माझा. पण मी रोज लोकांना सांगत होतो ना, उघडणार म्हणून... लोकं काय म्हणत असतील मला?"

"आमच्याबरोबर तांड्यावर चला," बेबीबाई रडत म्हणाली. "जे हाय ते मिळून खाऊ."

"तिथं मी काय करू?" तो माळ्यावर चढला, पेटी घेऊन उतरला. बेबीबाईनं मला त्याच्यापुढे धरलं. "ही तरी न्या. तुमचीच हाय ही."

मित्रांनो, मला जायचं होतं हो त्याच्याबरोबर. स्टेशनवर तर स्टेशनवर. त्यानं एकदा माझ्या कडीला हात लावला आणि काढून घेतला.

"नेऊन काय करू, वैनी? वाढू कुणाला?"

आणि तो गेला. कुठं, असं तिनं विचारलं तर "बघतो" म्हणाला.

अशी मी पुन्हा तांड्यावर आले. बेबीबाईनं सगळं सांगितलं तेव्हा भीमसिंग जेवणावरून उठला. दुसऱ्याच दिवशी जीपनं हिंगोलीला गेला, स्टेशन पालथं घातलं. औंढ्याकडे सोजराबाईला विचारलं, वारंगा फाट्याला जाऊन आला. संतराम कुठंच नव्हता. फोन लावला तर तो आता संतरामचाच बंद. अजूनही बाजाराच्या दिवशी भीमसिंग शोधायला जातो आणि हात हलवत परत येतो. कधी दुपारी घरात कुणी नसलं की मला सुलटी करून समोर ठेवतो आणि बोलायचा सराव करतो. "संतराम, हॉटेल बंद केलं रे मी. तुला तवाच सांगायला पायजे होतं." शब्द आता नीट येतात त्याला. ऐकायला मी एकटी असते.

मला घासा, चकाकवा, कल्हई करा, असं काही मी तुम्हाला मागत नाही. मागणं एवढंच आहे की कुणी तुमच्या शब्दावर विसंबून दारात बसलं असेल तर त्याला जे असेल ते सरळ सांगा. त्याला वाईट वाटेल, वाटू द्या. आणि तुम्ही कुठं खानावळीत, धाब्यावर, लग्नाच्या पंगतीत जेवायला बसाल तेव्हा वाढणाऱ्याच्या चेहऱ्याकडेही एकदा बघा. बारीक अंगाचा, फोनवर ओरडून बोलणारा एक माणूस आहे. त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली उतरलेला आहे. तो माझ्या वजनानं उतरला आहे. तसा कुणी दिसला तर त्याला विचारा, संतरामभाऊ, तुम्ही जेवलात का?