सव्वाआठची खाच

"बाबा, गच्चीवर गेला होतात?"

"छे गं. जिन्यावर पाऊलसुद्धा टाकलं नाही."

खोटं बोलावं तर रेटून, असा माणूस. लेकीने फोनवर हसू दाबलं. दुसऱ्या शहरात, प्रयोगशाळेतल्या तिच्या टेबलाशी बसून तिला मोबाइलवर माहेरच्या सोलर पॅनेलचा आलेख दिसत होता. सकाळी चढत जाणारी रेघ, आणि सव्वाआठला तिच्यात पडलेली खाच. बाबा फडकं घेऊन पॅनेलसमोर उभे राहिले की त्यांची सावली पडायची नि तेवढा वेळ वीज घसरायची.

ढगांची खाच निराळी. ढगाळ दिवशी रेघ लहान मुलाने गिरगटल्यासारखी खालीवर व्हायची, मुसळधार पावसात तर तळालाच चिकटायची. बाबांची खाच नेमकी दहा मिनिटांची, कडा सरळ.

बाबांचा जन्म पंप दुरुस्त करण्यात गेला. आई गेल्यावर लेकीने हे पॅनेल बसवून दिलं, तेवढाच विरंगुळा. ऐन उन्हाळ्यात वीज कमी झाली तेव्हा त्यांनी बसवणाऱ्याला फैलावर घेतलं. "एवढं ऊन रणरणतंय नि वीज कमी? कुणाला शिकवतोस?" फार तापलं की पॅनेल ढेपाळतं, थंडीतलं लख्ख ऊन त्याला मानवतं, हे त्याने शांतपणे समजावलं. मग बाबा लेकीला म्हणाले, "माझ्यासारखंच गं ते. उजेड हवा, पण डोकं तापलेलं चालत नाही. आणि धूळ बसली की संपलंच."

ती धूळ बसू नये म्हणून हा सत्तरीतला माणूस रोज वर चढायचा. गुडघे कामातून गेलेले, जिन्याला कठडा नाही. ती रागवायची, ते कानांवर हात ठेवायचे. पण सव्वाआठची खाच दिसली की तिला चहा गोड लागायचा. हे मात्र तिने त्यांना कधी सांगितलं नाही.

थंडीतल्या एका निरभ्र सकाळी रेघ अखंड चढत गेली. खाच नाहीच. ऐकलं एकदाचं, ती मनाशी म्हणाली. सुंठीवाचून खोकला गेला. ती कामाला लागली.

दुपारी शेजारच्या काकूंचा फोन आला. बाबा सकाळपासून जिन्यात पडून होते. फडकं हातातच होतं.

जीव वाचला, उजवी बाजू गेली. चार तास आधी आणलं असतं तर, एवढंच डॉक्टर म्हणाले. ते चार तास तिने स्वतःला कधी माफ केले नाहीत.

महिन्याने बाबा घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मोबाइल त्यांच्या डाव्या हातात दिला आणि फडकं घेऊन वर गेली. खाली आली तेव्हा ते आलेखाकडे बघत होते.

"ढग?" जड जिभेने त्यांनी विचारलं.

"नाही बाबा. मी उभी होते तिथे."

त्यांनी खिडकीतून स्वच्छ आभाळ पाहिलं, मग तिच्याकडे. "म्हणजे... रोज दिसायचं?"

"रोज."

"मग... त्या दिवशी?"

"त्या दिवशी मला वाटलं, तुम्ही माझं ऐकलंत."

अंगठ्याने बाबांनी मोबाइलची काच पुसली आणि पुन्हा रेघेकडे पाहिलं.

"पाचच मिनिटं," ते म्हणाले. "कोपरे... राहिले."

तिने डोळे पुसले, फडकं धुऊन पिळलं आणि पुन्हा जिना चढली.